डागांचं माहेर

लाँड्रीत तिला सगळे डागमावशी म्हणत. माणसं जन्मभर नावाला डाग लागू नये म्हणून जपतात, आणि हिच्या तर नावाची सुरुवातच डागानं. तिला त्याचं काही वाटत नसे. उलट कुणी नुसतंच मावशी म्हटलं तर ती मान वर करत नसे, आणि डागमावशी म्हटलं की ओले हात पदराला पुसत लगबगीनं पुढे येई.

लाँड्री म्हणजे एक लांबट खोली. दाराशी कपडे देण्याघेण्याचं टेबल, मध्ये दोन मोठी यंत्रं, मागे दगडी हौद आणि हौदाशेजारच्या खिडकीखाली मावशीची फळी. यंत्रात जाण्याआधी प्रत्येक कापड त्या फळीवरून जाई. मावशी ते उजेडाकडे धरी, हुंगे, नखानं हळूच खरवडून बघे आणि मग ठरवी, याला मीठ, याला लिंबू, याला नुसतं गार पाणी. गरम पाण्याचं कुणी नाव काढलं की ती अंगावर येई. "गरम पाण्यानं डाग मुरतो. आधी गार पाणी, मग बाकीचं. चिडलेल्या माणसाचंही तसंच," असं ती इस्त्रीवाल्याला सांगे. इस्त्रीवाला तिच्याहून थोडा लहान, दिवसभर वाफेत उभा राहून जगाची थट्टा करणारा. त्या दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे, आणि दिवसातून एकदा कडाक्याचं भांडण झाल्यावाचूनही हलत नसे.

गाठोडी पुष्कळ येत, पण एका गाठोड्याची मावशी वाट बघे. चौकापलीकडच्या निळ्या दाराच्या हॉटेलाचं ते. तिथली मालकीण स्पेनची, मालक मोरोक्कोचा. दोघांच्या देशांमध्ये समुद्राची एवढीशी पट्टी, आणि त्यांच्या स्वयंपाकात तीही शिल्लक नाही, असं लोक म्हणत. लोक म्हणजे जे तिथे जेवून आले होते ते. मावशी त्या निळ्या दारावरून वर्षानुवर्षं येत-जात होती. आत मात्र कधी गेली नव्हती. तिच्याकडे यायचं ते तिथलं उष्टं, तेही कापडाला लागलेलं.

पण डाग असे असत की बघत राहावं! एक पिवळा डाग यायचा. मावशीला आधी वाटलं हळद. पण हळदीला साबण लागला की ती लाल होते, हा पठ्ठ्या पिवळाच राही आणि भिजवला की मंद गोड वास सोडी. म्हणजे केशर. एवढं केशर लोक जेवणात घालतात आणि वर सांडतातही, हे कळल्यावर ती घटकाभर हौदाच्या कठड्यावर टेकून बसली होती. एक तेलकट तांबडा डाग यायचा, त्याला धुराचा वास. आणि एक काळा, गडद, शाईसारखा. त्यावरून मावशीनं पक्कं ठरवलं होतं की त्या हॉटेलात कुणीतरी लेखक येतो, जेवता जेवता लिहितो आणि त्याचं पेन गळतं.

"बायको घरी लिहू देत नसेल," इस्त्रीवाला म्हणायचा.

"तुला काय कळतंय? मोठा माणूस असणार. शाई बघ किती वापरतो," मावशी म्हणायची.

अशी तिनं कापडांवरून सगळी गिऱ्हाइकं ओळखून ठेवली होती. पण तिचं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक गोल टेबलाचं. त्या हॉटेलात एकच टेबल गोल होतं, म्हणून गोल कापडही एकच यायचं. त्याच्यावर दर खेपेला चहाचे थेंब. पुदिन्याचा वास, साखरेनं किंचित कडक झालेले, आणि एका जागी नाहीत, चहूकडे उडालेले. कपाचा गोल ठसा नाही, ओघळ नाही, नुसते थेंब. मावशीनं ते पहिल्यांदा पाहिले तेव्हाच ओळखले. असे थेंब तिच्या घरात रोज पडत होते.

तिच्या नवऱ्याचं, म्हणजे गल्लीच्या काकांचं, केस कापायचं दुकान होतं. तिथे लोक केस वाढले म्हणून यायचे थोडे आणि काकांशी बोलायला यायचे जास्त. काकांची कात्री जेवढी चाले, त्याच्या दुप्पट जीभ. गल्लीतली लग्नं त्यांनी त्या खुर्चीत जुळवली होती, दोन मोडलीही होती. मग त्यांचा उजवा हात थरथरू लागला. आधी चहा घेताना, मग कंगवा धरताना. औषधं झाली, डॉक्टर झाले. एक दिवस जुन्या मित्राची दाढी करताना वस्तरा कानाच्या पाळीला लागला. मित्र हसला, म्हणाला, एवढंसं तर आहे. पण काकांनी त्याच दिवशी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि त्याबरोबर तोंडही. आता ते घरात बसत. जेवताना ताट घेऊन आतल्या खोलीत जात, भिंतीकडे तोंड करून बसत, कालवून मऊ केलेलं कसंबसं खात आणि सांडलेलं स्वतःच पुसून काढत. मुलगी-जावई आले तरी भूक नाही म्हणत. मावशी दाराशी बसून त्यांच्या पाठीशी बोले. बोलायला दुसरं काही नसे म्हणून हॉटेलातल्या डागांच्या गोष्टी सांगे. लेखकाच्या गोष्टीला ती पाठ एकदा किंचित हसली होती. गोल टेबलाची गोष्ट मात्र तिनं कधी सांगितली नव्हती. सांगायला जीभच रेटत नव्हती.

एके दिवशी हॉटेलची मालकीणबाई स्वतः लाँड्रीत आली. काखेत एक कापड, चेहरा उतरलेला. तिच्या आईनं हातानं भरतकाम केलेलं ते कापड. पांढऱ्यावर पांढरी फुलं, कडेला जाळी. त्यावर बरोबर मधोमध लाल वाइन सांडली होती, आणि घाईत कुणीतरी वर गरम पाणी ओतलं होतं. मावशीनं कपाळाला हात लावला, पण कापड ठेवून घेतलं. दिवस न् दिवस ती त्याच्यामागे होती. भिजव, मीठ लाव, पिळू नको, नुसतं दाब, उन्हात सावलीच्या कडेला धर. शेवटी डाग गेला. मालकीणबाईनं कापड उलगडलं, मधोमध हात फिरवला, आणि ती एवढी धिप्पाड बाई तिथेच मुसमुसायला लागली. इस्त्रीवालाही त्या वेळी गप्प होता, यावरून काय ते समजा.

"मावशी, जेवायला यायचं. जोडीनं यायचं. नाही म्हणायचं नाही," मालकीणबाई म्हणाली.

मावशीच्या तोंडून होकार निघून गेला आणि मग तिला काकांची आठवण झाली. आपण जाऊ, पण हे कसे येणार?

घरी तिनं शेजारणीकडून काटे, चमचे, सुऱ्या मागून आणल्या. अशा ठिकाणी काट्यानंच खातात, तेव्हा आधी सराव हवा, असं तिचं गणित. दोन उकडलेले बटाटे ताटल्यांत ठेवले आणि काकांना समोर बसवलं. काकांनी सुरी धरली. ती ताटलीवर तडतडा वाजू लागली. त्यांनी डाव्या हातानं उजवा दाबून धरला, तेव्हा बटाटा उडाला आणि कपाटाखाली गेला. मावशीला हसू फुटलं, आणि फुटल्या क्षणी ती पस्तावली. काकांनी सुरी नीट ताटलीच्या कडेला ठेवली.

"तू जा," ते म्हणाले. "माझ्याच्यानं होणार नाही. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"अहो, बाईनं जोडीनं बोलावलंय."

"मग सांग, नवरा बरा नाही. खोटं थोडंच आहे?"

आता मात्र मावशीनं ती गोष्ट सांगितली. गोल टेबल, गोल कापड, चहूकडे उडालेले थेंब. "तिथे एक माणूस येतो," ती म्हणाली. "त्याचा हात थरथरतो. अगदी तुमच्यासारखा. दर आठवड्याला येतो, चांगल्या टेबलावर बसतो, चहा पितो, सांडतो. त्याला कुणी काही म्हणत नाही. म्हणाले असते तर तो पुन्हा आला असता का?"

काकांनी मान वर केली. मग म्हणाले, "दर आठवड्याला?"

"न चुकता."

"एकटा येतो?"

"ते नाही कळत. पण येतो खरा."

"उजवा हात का डावा?"

मावशीनं मनातल्या मनात कापड उलगडून पाहिलं. "उजवाच असावा."

कित्येक महिन्यांत त्यांनी तिला एका दमात एवढे प्रश्न विचारले नव्हते. ते उठले, वाकून कपाटाखालून बटाटा काढला, पुसला आणि ताटलीत ठेवला. "त्याला बघायचंय मला," ते म्हणाले. "जेवणाचं नाही सांगत. पण त्याला बघायला येतो."

ठरल्या दिवशी दुपारी दोघं निघाली. काकांनी ठेवणीतला कोट घातला होता आणि उजवा हात त्याच्या खिशात. निळं दार मावशीनं ढकललं आणि ती उंबऱ्यातच थबकली.

आत आधी वास भेटला. तिचे सगळे वास तिथे होते, पण जिवंत. गाठोडं सोडल्यावर यायचे ते शिळे, थकलेले. हे गरम होते, एकमेकांत मिसळलेले, अंगावर धावून येणारे. केशर, लसूण, धुरावर वाळवलेली मिरची, पुदिना, भाजलेलं जिरं, आणि मधात काहीतरी शिजत असल्याचा वास. भिंतीला कमरेपर्यंत निळ्या-हिरव्या फरशा. छताला टांगलेले पितळी दिवे. त्यांना बारीक बारीक भोकं पाडलेली, त्यातून उजेडाचे ठिपके सगळ्या भिंतीवर, टेबलांवर, माणसांच्या गालांवर सांडलेले. डागच, पण उजेडाचे. मावशीनं तोंडावर हात ठेवला. सासरी नांदणाऱ्या पोरींचे नुसते रडवेले चेहरे बघितलेत आणि आज पहिल्यांदा त्यांच्या माहेरी आलोय, तिथे त्या हसताबागडताना दिसतायत, तसं तिला झालं.

"अहो," ती कुजबुजली, "हे डागांचं माहेर आहे."

काकांचं लक्ष नव्हतं. ते माणसं बघत होते. एकेकाच्या हाताकडे.

मालकीणबाई दोन्ही हात पसरून आली आणि त्यांना खिडकीजवळ घेऊन गेली. टेबल गोल होतं. त्यावर पसरलं होतं तेच, आईच्या हातचं भरतकामाचं कापड.

मावशीनं घाईनं कापडाची कड धरली. "बाई, हे कशाला काढलंत? हे घडी करून ठेवा. आम्हाला साधं कापड चालेल."

"घडी करून ठेवायला आईनं डोळे नाही फोडले," मालकीणबाई म्हणाली. "आणि डाग पडला तर काढणारी समोरच बसलीये."

ती हसत आत गेली. काका मात्र खुर्चीच्या पाठीला धरून उभेच. "हे तर त्याचं टेबल," ते हळूच म्हणाले. "आपण त्याची जागा घेतली. तो आला तर?"

"आला तर उठू. बसा आता."

ते बसले, पण दाराकडे तोंड करून आणि हात मांडीवर, कापडाखाली. समोर काटे, सुऱ्या, चमचे ओळीनं मांडलेले. काकांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली.

आधी स्पेनच्या रीतीनं लहान लहान बशा आल्या. एका बशीत हिरवी ऑलिव्ह, एकीत भाजलेल्या पावावर लसूण आणि टोमॅटो चोळलेला, एकीत तांबड्या तेलात न्हालेले बटाटे. मावशीनं पावाचा तुकडा तोंडात घातला आणि डोळे मिटले. नुसता पाव, नुसता टोमॅटो, त्यात एवढं काय असावं? पण होतं. काकांनी डाव्या हातानं एक ऑलिव्ह उचललं, चघळलं आणि बी मुठीत लपवून ठेवली. दार उघडलं की त्यांची मान वळे. एक तरुण जोडपं आलं. एक लठ्ठ गृहस्थ आले. त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली, हात दगडासारखा स्थिर. काकांची मान पुन्हा खाली.

मग एक पसरट लोखंडी कढई आली. तिच्यात भात होता, आणि भात काळा होता. काळा म्हणजे काळाकुट्ट, चमकणारा, मध्ये गुलाबी कोळंबी. मावशी आ वासून बघत राहिली.

"हा... हा जळलाय का?" तिनं विचारलं.

"नाही हो," मालकीणबाई म्हणाली. "समुद्रात माकूल असतं ना, त्याच्या पोटातली शाई. त्यात शिजवलेला."

मावशीनं कढईकडे पाहिलं, मग मालकीणबाईकडे. "म्हणजे पेन नाही?"

"कसलं पेन?"

मालकीणबाई गेली, आणि टेबलाच्या पलीकडून कसला तरी आवाज येऊ लागला. मावशीनं वर पाहिलं. काका हसत होते. आवाज दाबून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "तुझा लेखक," ते कसेबसे म्हणाले, "तुझा लेखक भातात बुडाला गं!"

मावशीही हसली. एवढा मोठा लेखक गेला त्याचं दुःख करायला तिला वेळच मिळाला नाही, कारण नवरा हसत होता. पण हसता हसता तिच्या मनात पाल चुकचुकली. लेखकाच्या बाबतीत आपण एवढे चुकलो, तर मग दुसऱ्याचं काय? तिनं तो विचार भाताच्या घासाबरोबर गिळून टाकला. भात तर असा होता की अख्खा समुद्र तोंडात यावा. तिनं काकांच्या पुढ्यात चमचा सरकवला. त्यांनी मान हलवली. "बघण्यानंच पोट भरलं," ते म्हणाले. हात कापडाखालून वर आला नाही.

त्यानंतर मालक स्वतः आला. काटकुळा, पांढऱ्या मिशांचा, हातात मातीचं मोठं भांडं, वर उंच निमुळतं झाकण. भांडं त्यानं टेबलाच्या मधोमध ठेवलं. आणि मग काही न बोलता काकांच्या पुढ्यातला काटा, सुरी, चमचा उचलला.

काकांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, यानं ओळखलं. कापडाखालचा हात यानं पाहिला, आणि लहान मुलापुढून काच काढून घ्यावी तशी आपल्यापुढून सुरी काढून घेतली. त्यांनी खुर्ची मागे सारली. मावशीनं त्यांचा गुडघा टेबलाखाली घट्ट धरला.

तोवर मालकानं मावशीपुढचेही काटे-चमचे गोळा केले आणि खांद्यावरच्या फडक्यात गुंडाळले. "हे ताजीन. याला लोखंड चालत नाही," तो म्हणाला. "आमच्याकडे हे एकाच भांड्यातून खातात. पाव तोडायचा, तीन बोटांत धरायचा आणि आपापल्या बाजूनं खायचं. दुसऱ्याच्या बाजूला हात न्यायचा नाही. फक्त चांगला तुकडा दिसला तर तो समोरच्याकडे ढकलायचा."

"सांडलं तर?" काकांनी विचारलं. घरातून निघाल्यापासून परक्या माणसाशी ते पहिल्यांदा बोलत होते.

मालकानं शेजारच्या टेबलाकडे हनुवटी केली. तो टोपीवाला लठ्ठ गृहस्थ पावानं रस्सा टिपत होता, आणि रस्सा त्याच्या मनगटापर्यंत ओघळला होता. "जो सांडत नाही," मालक म्हणाला, "त्याला आवडलं नाही असं आम्ही समजतो."

आणि त्यानं झाकण उचललं.

वाफेचा एक ढग उसळला, पितळी दिव्याचे ठिपके त्यात तरंगू लागले, आणि ढग विरला तेव्हा खाली मटण, आलुबुखार, बदाम आणि सोनेरी रस्सा खदखदत होता. हाच तो पिवळा! मावशीनं त्याला आयुष्यभर पाण्यात विरघळताना पाहिलं होतं. आज तो भांड्यात राजासारखा बसला होता. तिचे हात आपोआप जोडले गेले. मग लाज वाटून तिनं त्याच हातांनी पाव तोडला.

काकांचा हात वर आला. थरथरत आला. पावाचा तुकडा तोडताना थरथरला, भांड्यात बुडताना थरथरला. भांड्यापासून तोंडापर्यंतच्या वाटेत दोन पिवळे थेंब आईच्या कापडावर पडले. त्यांनी मावशीकडे पाहिलं. मावशीनं मुद्दाम आपल्या पावातून तीन सांडले.

मग ते जेवले. मावशी स्वतःचं जेवण विसरून बघत राहिली. तिचा नवरा उजेडात, माणसांत, भिंतीकडे नाही तर तिच्याकडे तोंड करून जेवत होता. मटण इतकं मऊ होतं की त्याला तोडावं लागत नव्हतं, पाव टेकवला की ते सुटून येई. मध्येच काकांनी एक मोठा तुकडा, आलुबुखार चिकटलेला, बोटांनी हळूहळू रेटत तिच्या बाजूला आणला. वाटेत तो दोनदा घसरला. "चांगला आहे, खा," ते म्हणाले. लग्नाला किती वर्षं झाली, पण एका भांड्यातून असं कुणी तिला काही ढकललं नव्हतं. तिनं तो खाल्ला, आणि चव काय होती ते तिला नंतर कधीच आठवलं नाही.

काकांची जीभ सुटली. दिवे कसे बनवत असतील, मालकाच्या मिशा कुणी कापल्या असतील, डाव्या बाजूला आखूड झाल्यात, त्या टोपीवाल्याला भांग कसा शोभेल, सगळं सुरू झालं. जुने काका परत आले होते. मधूनमधून ते दाराकडे बघत. "आला तर बोलेन त्याच्याशी," ते म्हणाले. "विचारेन, पहिल्यांदा आलास तेव्हा काय केलंस?"

मावशी पाणी प्यायली.

भांडं रिकामं झाल्यावर मालक पुन्हा आला. पितळी तबक, त्यात नक्षीचे छोटे काचेचे पेले आणि चकचकीत किटली. "या टेबलावर चहा मीच ओततो," तो म्हणाला. त्यानं किटली पेल्यावर धरली आणि उचलायला लागला. वर, वर, आणखी वर, हात डोक्याच्याही वर गेला. किटलीच्या चोचीतून चहाची एक बारीक सोनेरी दोरी खाली पेल्यात उतरत राहिली. काय ते दृश्य! पेल्यात फेस आला, पुदिन्याचा वास दरवळला. आणि काचेवर आपटून बारीक थेंब उडाले. चहूकडे. कपाचा ठसा नाही, ओघळ नाही. नुसते थेंब.

मावशीनं ते पाहिले, आणि काकांनी तिला ते पाहताना पाहिलं.

"फेस नसेल तर तो चहा नव्हे," मालक सांगत होता. "आणि उंचावरून पडल्याशिवाय फेस येत नाही." तेवढ्यात त्याला आतून हाक आली. तो किटली तबकात ठेवून गेला.

काका कापडाकडे बघत होते. "म्हणजे तो नाहीच," ते म्हणाले.

मावशी पदरानं एक थेंब टिपू लागली.

"मी इथे बसून त्याची वाट बघतोय. त्याच्या जागेवर बसलो म्हणून मला चोरट्यासारखं झालंय. आणि असा कुणी नाहीच."

"तुमची शपथ, मला ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "मी तुम्हाला फसवलं नाही हो. मीच फसले. मला वाटलं, आपल्यासारखं कुणीतरी आहे."

काकांचा उजवा हात हळूहळू मागे गेला, कापडाच्या कडेवरून खाली, मांडीवर. मावशीनं तो जाताना पाहिला आणि तिला वाटलं, गेलं. आलेलं सगळं गेलं. आता पुन्हा तीच भिंत आणि तीच पाठ.

फक्त काकांच्याच पेल्यात चहा होता. तिचा पेला रिकामाच राहिला होता. काकांनी आपल्या पेल्यातला विरत चाललेला फेस पाहिला, मग तिचा कोरडा पेला पाहिला. मालक कुठे दिसत नव्हता. मग तो हात परत वर आला आणि त्यानं किटली धरली.

झाकण खडखडू लागलं. मावशी म्हणणार होती, अहो राहू द्या, पण तिनं ओठ दाबले. काकांनी किटली तिच्या पेल्यावर आणली. पहिली धार तबकात पडली. दुसरी पेल्यात. आणि मग त्यांनी किटली उचलली. दोरी सरळ राहिना. ती हलली, नाचली, पेल्याच्या काठावर आपटली, थेंब पार कापडाच्या जाळीपर्यंत उडाले, आईच्या पांढऱ्या फुलांवर, मावशीच्या पदरावर, काकांच्या ठेवणीतल्या कोटावर. आजूबाजूचं बोलणं थांबलं. टोपीवाला पाव हातात धरून बघत होता. आतल्या दारात मालक आणि मालकीणबाई येऊन उभे राहिले होते. मालकीणबाईनं पाऊल पुढे टाकलं, तर मालकानं तिचा दंड धरला.

"आणखी वर!" तो तिथूनच ओरडला.

काकांनी हात आणखी वर नेला. थरथरणारा हात, थरथरणारी धार, आणि पेल्यात फेस चढत गेला, काठापर्यंत.

त्यांनी किटली खाली ठेवली. कपाळावर घाम होता. मावशीनं तो पेला दोन्ही हातांनी उचलला. चहा गोड होता, फार गोड, आणि ती रडत होती हे तिला खारट लागल्यावर कळलं.

"कसा झालाय?" काकांनी विचारलं.

"फेस आलाय," ती म्हणाली.

पुढच्या गाठोड्यात ते कापड आलं, वेगळं, कागदात गुंडाळून. मावशीनं ते फळीवर पसरलं. दोन पिवळे थेंब एका बाजूला, तीन दुसऱ्या बाजूला. मधोमध चहाचा शिडकावा, पार कडेच्या जाळीपर्यंत. ती बराच वेळ त्यावर वाकून उभी होती. हौदात गार पाणी केव्हाच भरून ठेवलं होतं.

इस्त्रीवाला वाफेतून डोकावला. "बापरे! मावशी, हे काय झालंय? तिथे कुणाचा हातबित थरथरतो की काय?"

"हो," डागमावशी म्हणाली. "असा एक माणूस तिथे येतो. आता दर महिन्याला येणार आहे."

आणि तिनं कापड पाण्यात सोडलं.